नागपंचमीचे वालाचे बिरडे

श्रावण शुद्ध पंचमीला आमच्या घरी विळी, सुरी आणि तवा ही तिन्ही बाजूला ठेवली जातात. नागपंचमीला काही चिरायचे नाही, तळायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, हा नेम रायगड जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी पाळला जात असे आणि तो आईबरोबर आमच्या ठाण्याच्या घरात आला. काही घरांत त्या दिवशी फोडणीही वर्ज्य असते. आमच्याकडे ती चालते. पानात हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, वाफाळता भात आणि वालाचे बिरडे असते. बिरडे या दिवसाला इतके साजते, कारण त्यात चिरण्यासारखे काही नसतेच. त्यातले खरे काम बोटांचे असते आणि ते आदल्या रात्रीच झालेले असते.

बिरडे हे नाव मुळात एका प्रक्रियेचे आहे, म्हणूनच मुगाचेही बिरडे होते. कडधान्य भिजवावे, त्याला मोड आणावेत, मग एकेक दाणा सोलावा, आणि एवढे झाल्यावर जे शिजते ते बिरडे. वालाच्या सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. यासाठी वाल कडवेच हवेत: लहान, चपटे, तपकिरी. मोठे पांढरट पावटे चवीला चांगले असले, तरी त्यांना ती किंचित कडसर चव नसते, आणि गुळाला व आमसुलाला तोलून धरते ती तीच. आजोळच्या शेतांत भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरत. थंडीत कोवळ्या शेंगांची भांबुर्डी या रानपाल्यात पोपटी लागे, म्हणजे त्या मडक्यात भरून भाजल्या जात, आणि उरलेल्या शेंगा वाळवून दाणे साठवले जात. श्रावणापर्यंत ते दाणे जेमतेम चार-पाच महिन्यांचे असत, त्यामुळे त्यांना मोड हमखास येत. एका वर्षी मी दुकानातून आणलेल्या वालांपैकी निम्म्यांना मोडच आले नाहीत. ते बहुधा फार जुने होते. तेव्हापासून सणाच्या आठवडाभर आधी मी मूठभर वाल भिजवून पाहते आणि मगच बाकीचे वापरायचे ठरवते.

2025 साली नागपंचमी 29 जुलैला, मंगळवारी होती, म्हणून रविवारी सकाळी अर्धा किलो वाल भरपूर पाण्यात भिजत घातले. एवढ्यात दहा माणसे पोटभर जेवतात. वर तरंगलेले दाणे काढून टाकले आणि दुपारी एकदा पाणी बदलले. रात्री वाल उपसून, पूर्ण निथळून, ओलसर सुती पंचात सैल बांधले आणि चाळणीत ठेवले. खाली पाणी साचून राहिले तर वाल बुळबुळीत होतात आणि त्यांना वास लागतो, म्हणून चाळणी आवश्यक आहे. श्रावणातल्या दमट उष्म्यात मोड लवकर येतात. सोमवारी संध्याकाळी पुरचुंडी उघडली, तेव्हा प्रत्येक दाण्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा मोड आलेला होता.

तो पहिला श्रावणी सोमवार होता. उपास सोडून जेवणे झाल्यावर परातीत कोमट पाणी घेतले, त्यात वाल पंधरा मिनिटे ठेवले आणि सगळे भोवती बसलो. मोडाच्या विरुद्ध टोकाला अंगठा आणि तर्जनी यांत दाणा दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी मोडासकट निसटून बाहेर येते. मोडाकडून दाबल्यास मोड तुटतो. आजीची दृष्टी शेवटच्या काही वर्षांत अगदी अधू झाली होती, तरी सोलायला ती सर्वांच्या आधी येऊन बसत असे आणि न फुगलेला गणंग दाणा बोटांनीच ओळखून बाजूला टाकत असे. एक गणंग आमटीत राहिला तर जेवणाऱ्याच्या दाताखाली येतो, हे तिने आम्हांला इतक्या वेळा सांगितले, की आजही सोलताना माझा हात प्रत्येक दाणा चाचपतो.

बाजारात सोललेल्या डाळिंब्या मिळतात आणि कामावर जाणाऱ्या बाईने त्या जरूर आणाव्यात. फक्त त्या फार वेळ पाण्यात बुडून राहिलेल्या नाहीत, हे पाहून घ्यावे, नाही तर त्यांची चव पाण्यात उतरून गेलेली असते. मात्र सणाच्या दिवसासाठी मी घरीच सोलते.

शिजवण्याचे काम त्या मानाने थोडे, पण नाजूक आहे. कुकर येथे नकोच, त्यात डाळिंब्यांचा लगदा होतो. पसरट पातेल्यात तेलावर मोहरी, जिरे, हिंग आणि हळद यांची फोडणी करून डाळिंब्या दोन मिनिटे हलक्या हाताने परतते, त्या जेमतेम बुडतील एवढे गरम पाणी घालते आणि झाकणीत पाणी ठेवून मंद आचेवर शिजू देते. मध्ये पाणी लागलेच तर झाकणीतले तापलेले पाणी घालायचे. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजायला उशीर लागतो. डाव फार फिरवला तर डाळिंब्या मोडतात, म्हणून पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवते. पंधरा-वीस मिनिटांनी दाणा बोटात सहज चिरडला गेला, की मगच आमसुले, गूळ आणि मीठ घालायचे. हा क्रम चुकवू नये, कारण आंबट पदार्थ आधी पडला तर कडधान्य दडदडीत राहते.

आदल्या दिवशी नारळ फोडून खवून ठेवलेला असतो. त्यातले वाटीभर खोबरे, जिरे, ठेचलेले आले आणि तीन-चार अख्ख्या हिरव्या मिरच्या यांचे बारीक वाटण लावते, चार-पाच डाळिंब्या डावाने पातेल्याच्या कडेला चिरडून रस दाट करते आणि अंगाबरोबर रस राहिला की नारळाचे घट्ट दूध घालून लगेच आच बंद करते. दूध घातल्यावर जोरात उकळले तर ते फुटते. कांदा-लसूण आम्ही चातुर्मासात खात नाही आणि या बिरड्यात त्यांची उणीव मला कधी जाणवलेली नाही. कोथिंबीर हाताने खुडूनच घालायची.

नैवेद्य दाखवून पाने मांडली, तेव्हा माझ्या भाचीने डाळिंब्या पहिल्यांदाच स्वतः सोललेल्या असल्याने भातावर बिरडे तीनदा मागून घेतले. मी मात्र दरवर्षी थोडे बिरडे फ्रीजमध्ये काढून ठेवते. रात्रभरात त्याचा रस आळतो, गूळ आणि आमसूल दाण्यात मुरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तवा पुन्हा चुलीवर चढला, की तांदळाच्या पहिल्या भाकरीबरोबर ते आईच्या पानात वाढते.