जुना फर्लर घेऊन बडोद्याला

पावसाळ्याआधी मुंबई बंदरातली आमची शिडाची होडी किनाऱ्यावर चढवली, तेव्हा पुढच्या शिडाचा फर्लर, म्हणजे ते शीड गुंडाळून ठेवणारं यंत्र, जवळजवळ जाम झाला होता. दोर ओढला की खालचा ड्रम, म्हणजे दोर गुंडाळला जातो ती फिरकी, थोडा फिरायचा, कुरकुरायचा आणि अडकायचा. पाहणाऱ्या बहुतेकांचा सल्ला एकच होता, नवा घ्या. पण नवा म्हणजे परदेशातून मागवायचा, वर आयात शुल्क भरायचं, आणि जुन्याचे अॅल्युमिनियमचे फॉइल (शीड ज्यांच्याभोवती गुंडाळलं जातं त्या लांब पोकळ पट्ट्या) अजून सरळ असताना ते भंगारात घालायचे. मला ते पटेना. ड्रम आणि वरचा स्विव्हल, म्हणजे शिडाचं टोक धरणारा फिरता जोड, पिशवीत भरून मी बडोद्याची गाडी पकडली.

बडोदाच का? खंभातचं आखात तिथून जवळ असलं तरी भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जाणारं ते पाणी हौशी शिडाच्या होडीला सोयीचं नाही, आणि होडीचं सामान विकणारं दुकान तिथे शोधून मला मिळालं नसतं. मात्र शहराच्या दक्षिणेला मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे, तिथे लेथ आहेत, आणि शहरात बेअरिंगच्या व्यापाऱ्यांची दुकानं आहेत. शिवाय आत्या दांडिया बाजारात राहते, म्हणजे मुक्कामाची सोय झाली.

निघण्यापूर्वी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे आपला फर्लर कोणत्या जातीचा आहे हे ओळखणं. आमच्या फर्लरवरचं नाव उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने केव्हाच पुसलं गेलं होतं. अशा वेळी आधी वर बघा. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, एका स्विव्हलला येऊन मिळत असेल आणि तो स्विव्हल फॉइलवरून वर-खाली सरकत असेल, तर ती नेहमीची रचना. स्विव्हलच नसेल, फॉइल प्लास्टिकचं लवचिक असेल आणि हॅलयार्ड फर्लरच्या आतूनच जात असेल, तर तो सीडीआय कंपनीच्या फर्लरच्या धर्तीचा. मग फॉइलला खाच एक आहे की दोन, आणि शिडाची कड किती जाड आहे, 5 मिलिमीटर की 6, ते मोजून ठेवा. पुढे नवं शीड शिवायला टाकताना हाच आकडा विचारतात.

त्यानंतर बेअरिंग. इथली चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हार्केन कंपनीच्या फर्लरमध्ये टॉर्लॉन नावाच्या प्लास्टिकच्या गोळ्या उघड्या असतात. त्यांना ग्रीस लावू नये, त्यात मीठ आणि धूळ अडकते. गोड्या पाण्याने भरपूर धुणं हीच त्यांची देखभाल. स्वीडनच्या सेल्डनचा फर्लेक्स मात्र स्टीलच्या गोळ्यांचा, त्याला ग्रीस लागतं. प्रोफर्ल कंपनीच्या फर्लरमध्ये बंद बेअरिंग असून त्यांच्यावर ऑइल सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी असते, बाहेरून काही घालायची जागाच नसते. म्हणजे जे एकाला औषध तेच दुसऱ्याला अपाय. ड्रमखाली टॉर्च धरून पाहिलं की गोळ्या दिसतात की रबराची कड, यावरून बरंचसं कळतं. आमच्याकडे रबराची कड दिसली.

ड्रम काढताना एक गोष्ट कधीही विसरू नका. फोरस्टेची, म्हणजे डोलकाठी पुढून धरणारी, तार फॉइलच्या आतून जाते. तिला खाली होडीशी जोडणारा टॉगल सोडलात की डोलकाठीला पुढून धरणारं काही उरत नाही. म्हणून आधी एक रिकामा हॅलयार्ड नाळेवरच्या मजबूत कड्याला बांधून ताणून घ्यायचा, मगच पिनला हात लावायचा. तार हातात आली आहे तर तिचं खालचं आणि वरचं टोक भिंगाखाली बघा. स्वेजवर, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, तडा किंवा तारेचा एकही तुटलेला पदर दिसला, तर बेअरिंगच्या आधी तार बदला. फॉइलमध्ये लपलेली असल्यामुळे तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही. फार जुनी असेल तर वरून चांगली दिसली तरी बदलणंच योग्य.

बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम झालं. मालक मराठी, साठीच्या पुढचे, होडीचा फर्लर आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ड्रम हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कंपनीचं नाव कशाला हवंय तुम्हाला? नंबर बेअरिंगवरच असतो की." सर्कलिप, म्हणजे बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी, काढली, सील उचकटलं, आणि गंजाखालून खरंच नंबर निघाला: 6010. ही पद्धत सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. शेवटचे दोन अंक 04 किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे इथे 50. बाहेरचा व्यास 80, जाडी 16. हे जगभर एकच माप आहे, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मागताना मात्र दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे 2आरएस सांगा. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, ते पाणी अडवत नाही.

ऑइल सीलवरही माप छापलेलं असतं, आमचं 50×80×8. एक बारकावा काकांनी सांगितला, तो मी तरी कुठे ऐकला नव्हता: सीलच्या आतल्या कडेला बारीक स्प्रिंग असते, ती साध्या स्टीलची असेल तर खाऱ्या पाण्यात ती आधी जाते आणि मग सील ढिलं पडतं. स्टेनलेस स्प्रिंगचं सील मागून घ्या, थोडं शोधावं लागलं तरी.

जुनं बेअरिंग हातोडीने ठोकून काढू नका. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे ड्रममधली घरटी, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, नीट गरम केली की बेअरिंग अलगद बाहेर येतं. नवं बसवताना घरटीत दाबायचं असेल तर जोर बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर दाबायचं असेल तर आतल्या कड्यावर. उलटं केलं तर गोळ्यांचे व्रण पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून खडखडतं.

स्विव्हलच्या आतला, फॉइलवर सरकणारा बुश झिजला होता. तो नायलॉनचा करून घ्यावा असं वाटतं, कारण नायलॉन सहज मिळतं. पण नायलॉन पाणी शोषून फुगतं आणि स्विव्हल अडकतो. डेलरिन या कडक प्लास्टिकची सळई घ्या, ते फुगत नाही म्हणण्याइतकं कमी फुगतं. अॅल्युमिनियममध्ये अडकलेले स्टेनलेसचे स्क्रू गरम करून, पेनिट्रेटिंग ऑइल मुरवून काढावे लागले. परत बसवताना प्रत्येक आट्याला ड्युरालॅक किंवा टेफ-जेल हा गंजरोधक लेप लावा. या दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम पोखरलं जातं.

काम चालू असताना दुपारी आत्याकडे जेवून मी कलाभवनाची इमारत पाहून आलो. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कारागिरी शिकवण्यासाठी काढलेली ही संस्था, दादासाहेब फाळकेही इथे शिकले. बडोद्यात हाताने काम करणाऱ्याला जो मान आहे, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. येताना सेव उसळ खाल्ल्याशिवाय येऊ नका.

जाणाऱ्यांसाठी: वर्कशॉपची साप्ताहिक सुटी आधी फोनवर विचारा. प्रत्येक भाग सुटताना फोटो काढा आणि वॉशर त्याच क्रमाने दोऱ्यात ओवा. जुनी बेअरिंग आणि सील फेकू नका, दुकानदाराला दाखवायला लागतात.

होडीवर परत बसवताना दोन कोन तपासा. फर्लिंगचा दोर ड्रममध्ये काटकोनात शिरला पाहिजे. आणि वर, हॅलयार्ड फॉइलला समांतर न राहता साधारण 8 ते 10 अंशांनी मागे गेला पाहिजे, नाहीतर शीड गुंडाळताना तो फॉइलभोवती वेढे घेतो आणि तार तुटण्यापर्यंत गोष्ट जाते. शिडाची उंची कमी असल्यामुळे स्विव्हल खालीच राहत असेल, तर शिडाच्या टोकाला तारेचा तुकडा जोडून तो वर न्या. शीड पूर्ण गुंडाळल्यावर शीटचे, म्हणजे शीड ओढायच्या दोरांचे, दोन-तीन वेढे बसतील इतका दोर ड्रमवर शिल्लक हवा. आणि दोर हाताने ओढून हलत नसेल, तर विंचवर (दोर ओढायच्या चक्रीवर) घेऊ नका. आधी वर बघा, काय अडकलंय ते.