आर३४, कोकी, टू-वे, ताको-आशी: जेडीएमवाले नक्की काय बोलतात

व्हॉट्सॲपवरचे गाड्यांचे ग्रुप असतात ना, तिथे असले मेसेज रोज पडतात: "एस१४ कोकी, एसआर२० डीईटी, टू-वे, पाच-एकशेचौदा, प्लस बावीस, फेंडर घासत नाय". नवीन पोरगं हे वाचतं, मग अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसतं. विचारायची लाज वाटते आणि सांगणारे पण असे की सांगताना अजून चार नवीन शब्द टाकतील. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू. सगळं नाही जमणार, पण जे रोज कानावर पडतं तेवढं तरी.

आधी जेडीएम हा शब्दच घ्या, कारण सगळ्यात जास्त मारहाण त्याचीच झालीये. जपानीज डोमेस्टिक मार्केट, म्हणजे जपानमध्ये विकायला बनवलेली गाडी किंवा पार्ट. बस. कंपनी जपानी आहे म्हणून गाडी जेडीएम होत नाही. ग्रेटर नोएडात बनलेल्या सिटीला मागच्या काचेवर जेडीएम स्टिकर लावलं म्हणून तर अजिबातच नाही. जपानमधल्या गाड्यांचे स्वतःचे नियम होते. कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की जाहिरातीत २८० पीएसच्या (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) वर ताकद दाखवायची नाही, आणि हे २००४ मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणेपर्यंत चाललं. त्यामुळे त्या काळातल्या सगळ्या दादा गाड्या कागदावर २८०, प्रत्यक्षात काय ते मालकाला माहीत. ताशी १८० च्या वर स्पीड लिमिटर इंजिनाची ताकद कापायचा. आणि जुन्या गाड्यांत तर ताशी १०० च्या वर गेलं की किन-कोन किन-कोन असा चाइम वाजायचा, टोयोटाच्या एई८६ मध्ये पण होता. आपल्याकडे २०१९ पासून ८० ला टुकटुक आणि १२० ला अखंड बोंब सुरू झाली तेव्हा लोक वैतागले, पण जपान्यांनी हे कधीच भोगलंय.

आता कोड, म्हणजे गाडीच्या पिढीला आणि प्रकाराला कंपनीने दिलेला नंबर. हे लोक गाडीचं नाव का घेत नाहीत, सारखे आर३२ (निस्सान स्कायलाइन), एफडी (माझदा आरएक्स-७), ईके नाइन (होंडा सिव्हिक टाइप आर) का करत बसतात? शायनिंग म्हणून करणारे आहेतच, पण मूळ कारण साधं आहे, नावावरून काहीच कळत नाही. स्कायलाइन हे नाव १९५७ पासून चालू आहे, सिव्हिक १९७२ पासून. नुसतं "स्कायलाइनचा बंपर पाहिजे" म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसेल. त्यातही आर३४ म्हणून पण भागत नाही. खरी जीटी-आर म्हणजे बीएनआर३४. ईआर३४ म्हणजे साधी, मागच्या चाकांवर चालणारी २५जीटी वगैरे, तिच्यात आरबी२५ इंजिन. तिला जीटी-आरचा बंपर, बॉनेट, बॅज लावला की फोटोत पटकन ओळखू येत नाही (जीटी-आरचे फेंडर रुंद असतात, आधी तिकडे बघा). आणि दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. बॅज कोणीही चिकटवतो, चॅसी नंबर मात्र बीएनआर३४ नेच सुरू व्हायला लागतो.

एई८६ हा तर सगळ्यात सोपा धडा. ए म्हणजे ए सिरीजचं इंजिन, ई म्हणजे कोरोला-स्प्रिंटर घराणं, ८ म्हणजे त्यातली पाचवी पिढी, ६ म्हणजे त्या पिढीतला कुठला प्रकार. जपानीत आठ-सहा म्हणजे हाची-रोकु, तेच नाव पडलं. १९८३ ला आली, फिक्स हेडलाइटवाली लेव्हिन आणि पॉप-अपवाली ट्रुएनो. पण बाजूला तिची गरीब बहीण होती, एई८५, हाची-गो. बाहेरून सेम टू सेम, आत १.५ लिटरचं सिंगल कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट). म्हणजे शेवटचा एक आकडा बदलला आणि सगळा माज उतरला.

इंजिनाचे कोड पण असेच वाचता येतात. निस्सानचं आरबी२६डीईटीटी घ्या: आरबी सिरीज, २.६ लिटर, डी म्हणजे ट्विन कॅम, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, दोन टी म्हणजे दोन टर्बो. एकदा हे कळलं की एसआर२०डीईटी कोणी समजवायला लागत नाही, आणि कोणी "माझं एसआर२०डीई टर्बो आहे ओरिजिनल" म्हणाला की हसू येतं. टोयोटात आकडा पुढे: २जेझेड-जीटीई म्हणजे जेझेड घराण्यातलं दुसरं, टी टर्बो, ई इंजेक्शन, आणि जी म्हणजे परफॉर्मन्सवालं ट्विन कॅम हेड, ज्याच्यात व्हॉल्व्हचा कोन मोठा असतो. त्याच्या उलट एफ, म्हणजे ट्विन कॅमच पण कोन लहान, मायलेजवालं शांत हेड. आपल्याकडे २००३ ला कोरोला आली तिच्यात १झेडझेड-एफई होतं, म्हणजे कोडमध्येच लिहिलेलं की बाबा रे माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नको. माझदा तर वेगळीच दुनिया, रोटरी इंजिन, पिस्टनच नाहीत, १३बी म्हणजे ६५४ सीसीचे दोन रोटर, १३०८ सीसी फक्त, पण जपानमध्ये टॅक्स लावताना दीडपट धरतात. आणि रोटरीवाला भेटला की तो पाच मिनिटांत एपेक्स सीलवर येणारच. त्रिकोणी रोटरच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या त्या, पिस्टन रिंगचंच काम करतात, त्या गेल्या की कॉम्प्रेशन गेलं, इंजिन उघडायचं.

होंडाचं व्हीटेक मात्र आपल्या लोकांना नीट माहितीये असं वाटतं आणि तसं नाहीये. मूळ डीओएचसी (म्हणजे ट्विन कॅम) व्हीटेक १९८९ ला इंटेग्रात आलं, बी१६ए, १.६ लिटर टर्बो नाही काही नाही आणि १६० पीएस. त्यात व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीला एक जास्तीचा मोठा कॅम लोब (कॅमवरचा उंचवटा) असतो, आरपीएम वर गेले की ऑइलच्या प्रेशरने आतली पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत लॉक होतात आणि सगळे त्या मोठ्या लोबवर नाचायला लागतात. आवाजच बदलतो. आपल्याकडे २००० च्या आसपास सिटी व्हीटेक आली ती १.५ सिंगल कॅमवाली, यंत्रणा तीच पण फक्त इनटेकच्या बाजूला. तरी काय गाडी होती राव. आजही चांगली सिटी व्हीटेक विकायला निघाली की ग्रुपवर तासाभरात "सोल्ड का?" सुरू.

झेन्की आणि कोकी. हे दोन शब्द पाठ करा, पैसे वाचतील. झेन्की म्हणजे त्या मॉडेलचा पहिला टप्पा, कोकी म्हणजे फेसलिफ्टनंतरचा, आणि मधे अजून एक असेल तर चुकी. आपण ओल्ड शेप न्यू शेप म्हणतो तसलंच, पण इथे एकाच पिढीच्या आत. सिल्व्हिया एस१४ झेन्कीचे हेडलाइट गोलसर भोळे, कोकीचे रागावल्यासारखे तिरपे. झेन्कीला कोकीचं तोंड बसवायचं तर नुसते लाइट घेऊन चालत नाही, बॉनेट, फेंडर, बंपर सगळा सेटच घ्यावा लागतो. निस्सानवाल्यांना तोंडं बदलायची हौसच, १८०एसएक्सला सिल्व्हियाचं तोंड लावलं की ती सिलएटी, उलटं केलं की वनव्हिया.

आता टर्बोकडे येऊ, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, कारण सगळ्यात जास्त थापा इथे. तो सुतुतुतु आवाज आणि तो प्श्श्श आवाज हे दोन वेगळे प्रकार आहेत. तुम्ही फुल बूस्टमध्ये (टर्बो पूर्ण जोरात हवा दाबतोय) असताना ॲक्सिलरेटर सोडता, थ्रॉटल बंद होतं, पण टर्बोने दाबलेली हवा पाइपात अडकलेली असते, तिला जायला जागा नाही, मग ती उलटी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आपटते, तो सुतुतुतु. ब्लो ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे बीओव्ही असेल तर ती हवा बाहेर सोडून देतो, तो प्श्श्श. वेस्टगेट यातलं काहीच करत नाही, तो एग्झॉस्टच्या बाजूला बसतो, बूस्ट ठरलेल्या प्रेशरच्या वर जाऊ नये म्हणून थोडा एग्झॉस्ट गॅस टर्बाइनला बगल देऊन काढतो. त्या सुतुतुतुला "वेस्टगेट फ्लटर" म्हणणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-तीन असतात, वाद घालू नका.

बरं, बीओव्ही लावला म्हणजे गाडी भारी झाली असं पण नाही. ज्या गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर आहे तिथे आत आलेली हवा आधीच मोजून झालेली असते, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कंप्युटर तेवढ्या हवेचं पेट्रोल सोडतो, आणि तुम्ही ती हवा रस्त्यावर सोडून देता. मग मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी), काळा धूर, मागे फटाके, कधी कधी सिग्नलला गाडी बंद. म्हणून कंपनी ती हवा परत इनटेकमध्ये फिरवते आणि आवाज येत नाही. आणि डिझेल गाडीला तर पेट्रोलसारखं थ्रॉटलच नसतं, हवा अडकणारच कुठे, तरी डिझेल स्विफ्टला बटणावर प्श्श्श करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावून फिरणारे मी बघितलेत. असो, ज्याची त्याची हौस.

ताको-आशी म्हणजे ऑक्टोपसचे पाय, आफ्टरमार्केट एग्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांमधून धूर गोळा करणारे पाइप) जपानी लोक हेच म्हणतात, आणि एकदा बघितलं की दुसरं नाव सुचतच नाही. सुबारूचा तो डुगडुग आवाज पण इथूनच येतो. बॉक्सर इंजिनच्या (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे) दोन बाजूंचे पाइप कमी-जास्त लांबीचे, त्यामुळे एग्झॉस्टचे धक्के सारख्या अंतराने पोचत नाहीत. गंमत बघा, २००० नंतरच्या दशकात जपानमधल्या एसटीआयला (सुबारूची फास्ट इम्प्रेझा) ट्विन-स्क्रोल टर्बो (एग्झॉस्ट दोन वेगळ्या वाटांनी घेणारा) आणि समान लांबीचे पाइप आले आणि तो आवाज गेला, बाहेरच्या देशांतल्या गाड्यांत मात्र राहिला. म्हणजे "खरा जेडीएम सुबारू साउंड" म्हणून लोक जे मिरवतात ते बऱ्याचदा एक्स्पोर्टवाल्या गाडीचं असतं.

टर्बो टायमर अजून लोक लावतात. चावी काढली तरी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं यंत्र. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल जातं, पळवून आणून लगेच बंद केलं तर गरम टर्बोत ऑइल थांबतं, जळतं, कार्बन होतो. नंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोंना तेवढी गरज नाही, पण डॅशबोर्डवर एचकेएसचा तो छोटा डबा दिसला की बरं वाटतं हे खरं. एचकेएस म्हणजे हासेगावा, कितागावा आणि सिग्मा, १९७३ ची कंपनी.

एलएसडी म्हटल्यावर हसणारे हसून घ्या. लिमिटेड स्लिप डिफ. साधं डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) ज्या चाकाला ग्रिप नाही त्यालाच ताकद देत बसतं, हे दोन्ही चाकांना थोडं बांधून ठेवतं. वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर लॉक होतं, टू-वे सोडल्यावर पण, वन पॉइंट फाइव्ह सोडल्यावर थोडंसं. ड्रिफ्टवाले टू-वे घेतात. पार्किंगमध्ये वळताना कड-कड आवाज येतो तो बिघाड नाही, क्लच टाइप एलएसडीची सवयच ती.

चाकं. "सतरा, नऊ जे, प्लस बावीस, पाच-एकशेचौदा" म्हणजे १७ इंच व्यास, ९ इंच रुंदी, ऑफसेट २२ मिलीमीटर, आणि ११४.३ मिलीमीटरच्या वर्तुळात पाच बोल्ट. तो ११४.३ विचित्र वाटतो पण ते सरळ साडेचार इंच आहेत. ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती लांब. प्लसचा आकडा मोठा तितकं चाक आत, लहान तितकं बाहेर. चाक फेंडरशी अगदी एका रेषेत आलं की त्सुराइची. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून चढवलं की हिप्पारी. गाडी खाली बसवली की शाकोतान, आणि चाकं वरून आत इतकी झुकवली की टायर फक्त आतल्या कडेवर चालतंय, ते ओनी-क्यान, ओनी म्हणजे राक्षस. मला हे शेवटचं अजिबात पटत नाही, एवढं महाग टायर घ्यायचं आणि त्याची चार बोटं वापरायची. जपानमध्ये शाकेन नावाचं इन्स्पेक्शन असतं, नवीन गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, त्यात जमिनीपासून ९ सेंटीमीटर अंतर लागतंच. आपल्या पुण्याच्या स्पीडब्रेकरांना शाकेनची गरज नाही, ते स्वतःच तपासतात.

रिम म्हटलं की सगळे रेजच्या टीई३७ वर येतात, १९९६ ची, फोर्ज्ड (दाबून घडवलेली), सहा काड्यांची. आपल्या रस्त्यांवर दिसतात त्यातल्या बहुतेक रेप्लिका, ते पण ओतीव, खड्ड्यात तडकतात. एन्केई मात्र आपल्या शेजारची निघाली, हामामात्सुची कंपनी, आणि शिक्रापूरला तिचा कारखाना आहे. तिथे त्यांची आरपीएफ१ रिम मिळेल म्हणून जाऊ नका, तो कंपन्यांच्या गाड्यांना अलॉय पुरवणारा प्लांट आहे.

खऱ्या गाड्या आपल्याकडे का नाहीत, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं. जपानपण उजव्या स्टिअरिंगचा, आपण पण. पण वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, मुंबईच्या बंदरातूनच यायला हवी, आणि वर ड्युटी. म्हणजे १९९९ ची आर३४ विसरा. आपल्या वाट्याला आली ती लान्सर, १९९८ ची, जिची बॉडी इव्हो (लान्सरचीच फास्ट आवृत्ती) ४ ते ६ वाल्या घराण्यातलीच, म्हणून तिच्यावर इव्होची किट चढवणारे इतके. नंतर इव्हो १० अधिकृत आली, २०१६ च्या शेवटी आर३५ जीटी-आर पण, पण ती काय आपल्या ग्रुपमधल्या कोणाची नाही.

आणि एक राहिलं, ते हिरवं-पिवळं बाणासारखं स्टिकर. वाकाबा मार्क म्हणतात त्याला. लोक जेडीएम लोगो समजून लावतात, खाली बसवलेल्या, मागे हा मोठा विंग असलेल्या गाडीला तर हमखास. जपानमध्ये ते लायसन्स मिळून एक वर्ष झालं नाही त्यांनी गाडीला लावायचं असतं, कायद्यानेच, आणि ते लावलेल्या गाडीला दाबलं किंवा आडवं घातलं तर समोरच्याला दंड होतो. आपल्याकडच्या लाल एलसारखंच, फक्त एल हा शिकाऊ लायसन्सवाल्यांचा.