वडिलांचा जीवनवृत्तांत लिहिताना

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरचा कर्ता माणूस प्रभूमध्ये निजला, म्हणजे वारला, की दफनविधीत किंवा नंतरच्या स्मरणार्थ प्रार्थनेत त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. बहुतेकदा तो आदल्या रात्री घाईघाईत लिहिला जातो. मग 'मनमिळाऊ, प्रार्थनाशील, कुटुंबवत्सल' एवढंच हाती लागतं, आणि ते कुणाच्याही नावापुढे चालून जाईल. अशा माणसाची भक्ती घरातल्या रोजच्या वागण्यात असते. ती तिथेच शोधा.

आधी त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. पुष्कळ घरांत पहिल्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेले असतात. समासातल्या तारखा, पानांत राहिलेल्या दशांशाच्या (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देतात, त्याच्या) पावत्या, आजाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या नीट पाहा. एखादं वचन दोन वेगळ्या शाईंनी अधोरेखित असेल तर ते नक्की घ्या. त्या ओळीकडे ते पुन्हा आले होते. असं काही सापडलं नाही, तर स्तोत्र १२८ घ्यावं. 'सुयुद्ध केले, धाव संपवली' हे २ तीमथ्य ४:७ सगळेच घेतात. संसारी माणसाला मात्र द्राक्षवेलीसारखी बायको आणि मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी मुलं, हे चित्र जास्त शोभतं.

मग आईजवळ बसा. "बाबा कसे होते?" असं विचारलं की रडूच येतं. त्यापेक्षा विचारा: रात्रीची कौटुंबिक प्रार्थना किती वाजता व्हायची? वाचन कोण करायचं? गाणं कोण उचलायचं? पगार झाला की दशांश आधी बाजूला निघायचा का? ज्या महिन्यात पैसे नव्हते तेव्हा काय केलं? अशी चार-पाच उत्तरं मिळाली की वृत्तांताचा गाभा तयार झाला. तान्हेपणी गेलेलं मूल असेल तर त्याचा उल्लेख आईला विचारूनच करा. आणि तिचं स्वतःचं नाव, तिची नोकरी, तिचे कष्टही लिहा. 'पत्नी व तीन मुले' या चार शब्दांत चाळीस वर्षांचा संसार मावत नाही.

तारखांचा घोळ ठरलेला. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर शंका घ्या. नाव घालताना गुरुजी सर्रास तीच तारीख टाकत. बाप्तिस्म्याचं रजिस्टर जास्त भरवशाचं. बऱ्याच मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकत्र आल्या, त्यामुळे त्याआधीची नोंद जुन्या नावाच्या वहीत असू शकते. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) जुनं नाव सांगून विचारा.

लांबी पाचशे शब्दांच्या आत ठेवा. सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात आणि पाच मिनिटांनंतर लोकांचं लक्ष उडतं. जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या हे सगळं एका परिच्छेदात उरका; शब्बाथशाळा (रविवारची बायबल-शाळा), पंच कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) यांतली पदंही तिथेच. उरलेली जागा घराला द्या. 'ते कधी रागावले नाहीत' असं लिहू नका, पुढच्या बाकावर बसलेल्यांना खरं माहीत असतं. रागावून झाल्यावर स्वतःहून माफी मागायचे, हे खरं असेल तर लिहा. त्यात त्यांचा विश्वास दिसतो.

सभेला इतर धर्मांचे शेजारी आणि नातलगही येतात. 'दृढीकरण' असा शब्द आला तर अर्ध्या ओळीत अर्थ सांगा: बाप्तिस्म्याचा विश्वास पुढे स्वतः कबूल करण्याचा विधी. कॅथलिक घरात पद्धत वेगळी: मिस्सा या उपासनाविधीतलं प्रवचन फादर देवाच्या वचनावर करतात, कुटुंबाचे दोन शब्द कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर वाटून झाल्यावर, तेही थोडक्यात. वेळ आधीच ठरवून घ्या.

थोरल्या मुलाने वाचायचा हट्ट धरला तरी दुसऱ्याच्या हातात एक प्रत असू द्या. मधेच आवाज गेला की त्याने त्याच ओळीपासून पुढे वाचायचं. अक्षरं मोठी छापा, कागदाच्या एकाच बाजूला. गाण्याच्या क्रमांकाबरोबर पहिली ओळही लिहा. पाळकांना प्रत आदल्या संध्याकाळी पोचवा, म्हणजे उपदेशात तीच गोष्ट दुसऱ्यांदा येणार नाही.