पहिले दगड, मंग बैल

ट्रेलर अंगणात आला त्या संध्याकाळी माझ्या हातात वीट होती, आणि पुढं जे झालं त्याचा निम्मा दोष त्या विटेचा आहे. उरलेला निम्मा कुणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या यांच्या डोक्यात हे खूळ होतं. बोलेरो दारात होतीच. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुना ट्रेलर घेतला. दोन चाकं, आत दोघांना झोपण्यापुरती जागा, एक छोटा ओटा. तो अमळनेरपर्यंत सुखरूप ओढूनही आणला.

आमच्या अंगणाला घराकडून फाटकाकडं उतार आहे, पावसाचं पाणी गटारीला जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला. दिसायला काही नाही, वीस फुटांत फूटभर. ट्रेलर मागे घेऊन लावला, तोंड फाटकाकडं. हे म्हणाले, "चाकाला काहीतरी लाव गं." मी डाव्या चाकापुढं वीट सरकवली. यांनी दांड्याला टेकू देणारं पुढचं छोटं चाक खाली केलं, हँडल फिरवलं, हूक सुटला. डावं चाक विटेपाशी थांबलं आणि उजवं निघालं. सगळा ट्रेलर डाव्या चाकाभोवती दाराच्या फळीसारखा फिरला, दांड्यानं बोलेरोचा बंपर आत दाबला, आणि तेवढ्यात विटेचा चुरा झाला. हे उजव्या बाजूला उभे होते म्हणून पाय वाचला. ट्रेलरला हँडब्रेक होता, यांनी ओढलाही होता, पण त्याची तार आत गंजून गेली होती हे नंतर कळलं.

ओसरीवर खाटेवर बसून आप्पा, म्हणजे माझे सासरे, सगळं पाहत होते. वय ऐंशीच्या पुढं, जन्म बैलगाडीत गेला. ते उठलेसुद्धा नाहीत. "पहिले दगड, मंग बैल," एवढंच म्हणाले. आणि मग माझ्याकडं बघून, "एक चाकले लावं ते दुसरं चाक तुनं ऐकी का?"

बैल सोडायच्या आधी दोन्ही चाकांना दगड, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही मात्र आधी हूक सोडायला निघालो होतो आणि दगडाऐवजी वीट, तीही एकच.

रात्री हिशेब केला. मी शाळेत गणितच शिकवायचे. सामानासकट ट्रेलर साधारण ८०० किलो. विसास एक उतार म्हणजे वजनाचा विसावा भाग खाली ओढतो, म्हणजे ४० किलो. सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडं कमी, आणि हा ओढा रात्रभर चालू राहणार. घाटात दहास एक उतार लागला तर ८० किलो. भाजलेली वीट दाबाला बरी, पण चाक तिच्या कडेवर चढायला लागलं की ती फुटते. चाकाच्या गोलाईला टेकेल असा तिला आकारच नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे खातं माझ्याकडं आलं. धाकटी जाऊ साताऱ्याकडची, ती चाकाला लावायच्या या अडसराला उटी म्हणते. ट्रकवाले गुटका म्हणतात. मीही गुटकाच म्हणते, दुकानात तोच शब्द चालतो.

पहिला प्रयोग सुताराकडं. बाभळीच्या ओंडक्याचे तिरपे तुकडे काढून घेतले. बाभूळ चिवट, लवकर चिरत नाही. पण मी माप न देता "चाकाला लावायचेत" एवढंच सांगितलं आणि त्यानं तीन इंच उंचीचे केले. यांनी ट्रेलरला मागून खांदा दिला, तर चाक त्यावर चढून पलीकडं उतरलं. मग टायर मोजला: जमिनीपासून माथ्यापर्यंत चोवीस इंच. ढोबळ हिशेब असा की गुटक्याची उंची टायरच्या उंचीच्या चौथ्या भागाएवढी तरी हवी, म्हणजे आमच्यासाठी सहा इंच. गुटक्याची तिरपी बाजूही महत्त्वाची. फार सपाट असेल तर चाक जिना चढल्यासारखं वर जातं, फार उभी असेल तर टायर नुसता कोपऱ्याला टेकतो. सुताराचे तुकडे आता दार अडवायला आहेत.

दुसरा प्रयोग भाच्यानं ऑनलाइन मागवलेल्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या जोडीचा. हलके, आतून पोकळ, दिसायला छान. मुरमावर ठीक राहिले. शहाबादी फरशीवर मात्र चाकाचा रेटा आला की गुटका आणि चाक दोघं मिळून सरकायचे. वर आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दोन महिने उन्हात राहिल्यावर त्यातल्या एकाला कडेनं चीर गेली. सावलीतल्या गावात कदाचित चालतील. खानदेशात मी घेणार नाही.

शेवटी धुळ्याला गेलो. आग्रा रोडला ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं कुणाला कॅराव्हॅन समजावून सांगावी लागली नाही. मी म्हटलं, "टायर चोवीस इंच, माल आठशे किलो, चार गुटके." दुकानदारानं भरीव काळ्या रबराचे चार काढून ठेवले. खाली खाचा, चाकाला टेकणारी बाजू किंचित आत वळलेली, मागं दोरी ओवायला भोक. एकेक चांगला जड. यांना वाटलं उगीच वजन वाहायचं. पण गुटक्यानं जड असावंच. पायानं ढकलून सहज सरकणारा गुटका चाकानं का सरकणार नाही? भोकांतून मी जुन्या लाल लुगड्याचे काठ बांधले, त्याचं कारण पुढं येईल.

थोडं अंतर ठेवून मागंपुढं चाकं असणाऱ्या मोठ्या ट्रेलरला दोन चाकांच्या मधे अडकवून स्क्रूनं ताणायचे लोखंडी गुटके असतात. आमच्या एका आसाच्या गाडीला ते लागूच नाहीत. ते पाहण्यात माझी एक दुपार फुकट गेली.

डिसेंबरात तोरणमाळला निघालो. सारंगखेड्याला तापी ओलांडली, शहाद्याला चहा घेतला. सातपायरी घाटात ट्रेलर ओढताना मी देवाचं नाव घेत बसले होते, त्यामुळं निसर्गवर्णन माझ्याकडून होणार नाही. एक गोष्ट तेवढी डोळ्यांत भरली. वळणावर रस्त्याच्या मधोमध दोन मोठे दगड. कुणाची तरी गाडी चढावर बंद पडली असणार, मागच्या चाकांना दगड लावले असणार आणि गाडी सुरू झाल्यावर तसेच टाकून निघून गेले. हे कन्नडच्या घाटातही पाहिलंय. रात्री मोटरसायकलवाल्याला तो दगड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. चाकाला दगड लावणं हे शहाणपण, पण तो उचलून कडेला ठेवायला किती वेळ लागतो? यांनी गाडी पुढं सपाटीला थांबवली आणि आम्ही दोघांनी दोन्ही दगड नालीत लोटले.

वर, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, यशवंत तलावाच्या अलीकडं परवानगी विचारून एका कडक मुरमाच्या जागी थांबलो. इथं क्रम महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश सांगते. आधी आडवी पातळी: उजवं चाक खड्ड्यात होतं, तर पुढं फळी टाकून त्यावर चढवलं. मग, हूक अजून बोलेरोला असतानाच, चारही गुटके. दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, टायरच्या बरोबर मध्यावर, सरळ, हातानं ठोसून घट्ट. उजव्या चाकाचे गुटके फळीवरच ठेवायचे, जमिनीवर नाही. मी आधी जमिनीवर ठेवले तर फळीच्या जाडीएवढी त्यांची उंची वाया गेली. नंतर मी बाजूला झाले, यांनी बोलेरोचा ब्रेक हळूच सोडला, ट्रेलर बोटभर उताराकडं सरकला आणि गुटक्यांवर बसला. ते बसणं पाहिल्याशिवाय मी हूक सोडू देत नाही. मग ट्रेलरचा हँडब्रेक, त्याची तार आता नवी आहे. मग पुढचं छोटं चाक खाली, हूक मोकळा, साखळी शेवटी. लांबीची पातळी त्या छोट्या चाकाच्या हँडलनं जुळवायची आणि अगदी शेवटी कोपऱ्यांतले चार पाय टेकवायचे.

त्या चार पायांबद्दल यांचा मोठा गैरसमज होता. पाय टेकवले की गाडी हलणार कशी, असं ते म्हणत. पाय आत चालताना डोलणं थांबवतात, घरंगळणं नाही. गाडी सुटली तर तेच पहिले वाकतात.

रात्री थंडी चांगलीच होती. सकाळी पाहिलं तर उताराकडचे दोन्ही गुटके चाकाखाली गच्च आवळलेले, विरुद्ध बाजूचे मात्र ढिले. रात्रभर सगळा भार एका बाजूला टेकला होता, शिवाय गारव्यानं टायरमधली हवाही थोडी उतरते. ढिले होते ते पुन्हा ठोसले. तेव्हापासून सकाळच्या चहाआधी एक फेरी मारते.

निघताना सगळं उलट. पाय वर, हूक लावायचा, साखळी, वायर, बोलेरोचा ब्रेक, आणि मगच गुटके. आवळलेले दोन निघेनात. यांनी हातोडा शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं गाडी दोन इंच चढाकडं घ्या. घेतली, थांबवली, ब्रेक लावला, आणि मी बाजूला उभी राहून लाल काठ ओढला. गुटका बाहेर. चाकासमोर वाकून हात घालायचा नाही, त्यासाठी ती दोरी. खोक्यात चार मोजले आणि मग बसले. परत येताना दोंडाईच्याला एका हॉटेलासमोर थांबलो तेव्हा मोजायला विसरले, आणि एक गुटका पुढून तसाच राहिला. गाडी त्यावर चढून धपकन उतरली, ओट्यातली कपबशी गेली. गुटक्याला काही झालं नाही.

काळ्या मातीत काय करायचं हे घरच्या शेतात पाहिलं. पाणी दिलेल्या रानाच्या कडेला चाक रुततं आणि रेटा आला की गुटकाही चिखलात दाबत जातो. तिथं रुंद फळी, तिच्यावर चाक आणि गुटके दोन्ही. त्यापेक्षा तिथं उभंच न करणं बरं.

आता ट्रेलर पुन्हा अंगणात आहे, चारही गुटक्यांवर होता. कापसाच्या दिवसांत शेजारच्या भाऊंची भरलेली ट्रॉली जिनिंगच्या रांगेत चढावर उभी राहायची होती, तर ते दोन मागून घेऊन गेले. उताराकडच्या बाजूला मी उरलेले दोन लावले, चढाकडं आप्पांनी स्वतः निवडलेले दोन दगड. कापूस विकून महिना झाला. गुटके आलेले नाहीत, आणि ते आल्याशिवाय हा ट्रेलर फाटकाबाहेर जाणार नाही असं मी यांना सांगून ठेवलंय.