बालरथाचं लॉगबुक

शाळेचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली एक शिक्षणसंस्था आणि मी तिचा वकील, एवढं पुरे.

शनिवार, २० जून २०२०. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. खिडक्या मोठ्या म्हणून मीटिंग केजीच्या वर्गात ठेवलेली. मोठ्या खुर्च्या चारच होत्या, त्या कमिटीने घेतल्या. मी पोरांच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. फळ्याच्या कोपऱ्यात अजून '१४ मार्च, शनिवार' लिहिलेलं होतं. त्यानंतर शाळा बंद झाल्या, फळा पुसायला कोणी आलंच नाही.

अध्यक्षांनी पत्र आधीच टाईप करून आणलं होतं. एप्रिलपासून 'नो वर्क, नो पे'. केजीच्या चार शिक्षिका आणि बालरथाचा, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेच्या बसचा, ड्रायव्हर. मी फक्त वर कायद्याची फोडणी द्यायची होती.

संस्थेची अडचण खोटी नव्हती, हे आधीच सांगतो. हायस्कूल अनुदानित, तिथले पगार सरकारकडून येत होते. केजी मात्र पूर्णपणे फीवर चालते. पालक म्हणत होते, शाळाच उघडली नाही तर फी कसली? एकाचा मुलगा क्रूझ जहाजावर अडकलेला, दुसऱ्याचं हॉटेल मार्चपासून बंद. खजिनदारांनी पासबुक माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बालरथाचं अनुदान येतं, पण गाडी रस्त्यावर नाही तर ते अडकेल ही त्यांची धास्ती.

"लॉकडाऊन सरकारने केला. पगार आम्ही का द्यायचा?" अध्यक्ष म्हणाले.

त्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला प्रत्येक अशिलाने विचारला होता. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला, की बंदच्या काळातली मजुरी कपात न करता द्या. १७ मेनंतर तो आदेश उठला. मध्ये गेले ५० दिवस. त्या ५० दिवसांवरून मालक मंडळी सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने १२ जूनला सांगितलं की तूर्त मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोघांनी बसून तडजोड करा, नाही जमली तर कामगार खात्याकडे जा. म्हणजे निकाल असा लागलाच नाही. अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर त्यातलं 'कारवाई नको' एवढंच वाचलं होतं.

मी म्हटलं, "आधी काम नव्हतं हे तरी सिद्ध करा."

ड्रायव्हरला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला, छत्रीचं पाणी बाहेर निथळू दिलं आणि शर्टाच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बालरथाचं लॉगबुक काढलं. २१ मार्चपासून प्रत्येक शनिवारची नोंद. 'गाडी सुरू केली, १५ मिनिटां.' किलोमीटरच्या रकान्यात खालपर्यंत एकच आकडा. अशा तेरा ओळी, प्रत्येकीखाली सही.

"हें कोणें सांगिल्लें तुका?" अध्यक्ष.

"कोणेंच ना. आठवडोभर गाडी उबी उरल्यार बॅटरी मरता."

कोर्टात मी बरेच पुरावे पाहिलेत. न सांगता, न मागता तयार झालेला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच. तो आपल्याच अशिलाच्या विरोधात आहे, हे कळायला मला एक क्षण लागला.

ड्रायव्हरची बाजू तशीही भक्कम होती. पैसा सरकारचा असला तरी नेमणुकीच्या पत्रावर सही अध्यक्षांची. शाळा हा तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत 'उद्योग' होता, हे १९७८ पासून ठरलेलं. ड्रायव्हर अंगमेहनतीचं, कसबाचं काम करतो, म्हणून तो 'कामगार'. उद्या लेबर ऑफिसात अर्ज टाकला तर संस्थेला नोटीस येणार. हे ऐकल्यावर खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि मसुद्यावरचं ड्रायव्हरचं नाव पेनाने खोडलं.

शिक्षिकांची नावं मात्र तशीच राहिली.

त्यांच्यातली थोरली बाई बोलायला आली होती. तिने मोबाईल पुढे केला. बडबडगीतं, अंक, कागदाची होडी कशी करायची. स्वयंपाकघरात टेकून ठेवलेल्या फोनवर घेतलेले व्हिडिओ. एकात मागे कुकरची शिट्टी होते आणि ती गाणं न थांबवता हात मागे करून गॅस बारीक करते. रेंजसाठी रोज संध्याकाळी देवळामागच्या टेकडीवर जाऊन ती हे पाठवायची.

"सर, ड्रायव्हर जातो त्या ऑफिसात आम्हीपण जाऊ शकतो ना?"

उत्तर मला माहीत होतं. गोव्यातल्याच एका शाळेने १९७५ साली एका शिक्षिकेला काढलं, ती सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. १९८८ मध्ये सुंदरंबाळ खटल्याचा निकाल आला: शाळा उद्योग खरा, पण शिकवणारा 'कामगार' नव्हे. शिकवणं हे उदात्त कार्य वगैरे. त्या मोठेपणापायी लेबर ऑफिसचं दार बंद. देशभर हा निकाल वापरतात आणि तो आपल्या गोव्यातून गेलेला आहे, याचा मला कधीच अभिमान वाटलेला नाही.

"मी संस्थेचा वकील आहे, बाई," मी म्हटलं. "तुम्हाला सल्ला देणं मला बरोबर नव्हे. दुसरा वकील विचारा."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे नाही जाऊ शकत. कळलं."

ती बाहेर गेल्यावर मी कमिटीशी कायदा बोललो नाही, हिशेब बोललो. दिवाणी दावा झाला तर खर्च किती, शिक्षण खात्याकडे तक्रार गेली तर चौकशी किती दिवस, आणि तो कुकरवाला व्हिडिओ गावात कुणी फिरवला तर पुढच्या वर्षी केजीत ॲडमिशन किती. शेवटचा मुद्दा लागू पडला. हॉलसाठी ठेवलेली एक एफडी मोडायचं ठरलं. ड्रायव्हरला पूर्ण पगार. शिक्षिकांना एप्रिल-मे पूर्ण, जूनपासून साठ टक्के आणि उरलेले फी जमा होईल तसे. मी उरलेल्या रकमेचा आकडा कागदात घालायला लावला. अध्यक्षांना ते आवडलं नाही. ड्रायव्हरचा कागद कायद्यातल्या समेटाच्या नमुन्यात झाला, शिक्षिकांचा संस्थेच्या लेटरहेडवर. साठ टक्केच का, यावर बाईंनी काही विचारलं नाही. चौघींनी सह्या केल्या.

मी गाडीपाशी आलो तेव्हा पाऊस ओसरला होता. शेडखाली बालरथ सुरू होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर लॉगबुक टेकवून चौदावी ओळ लिहीत होता.