आधी चापट, मग विचार

परवा दुपारी रिमोट चालेना. सेल बघायच्या आधीच मी तो तळहातावर आपटला. आमच्या घराण्यात हीच रीत. वस्तू अडली की आधी हाणायची, विचार नंतर.

बॅटरीच्या नावातच बडवणं आहे हे कळल्यापासून तर ह्याला शास्त्राधार मिळाल्यासारखं वाटतं. लॅटिनमध्ये बडवण्याला 'बाट्टुएरे' म्हणत. त्यातून इंग्रजीतलं 'बॅटर', म्हणजे बडवत राहणं. 'कॉम्बॅट' त्यातलंच, 'डिबेट'ही (टीव्हीवरची ऐकताना पटतंच) आणि फेटून फेटून केलेलं भज्यांचं बॅटरसुद्धा! तटबंदी बडवून काढणाऱ्या तोफांच्या ताफ्याला 'बॅटरी' म्हणत. 1749 साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने खिडकीच्या 11 काचांना दोन्हीकडून शिशाचे पातळ पत्रे चिकटवले, त्या एकमेकींना जोडल्या आणि ह्या मांडणीलाही तेच नाव दिलं. हे त्याने ज्या चिठ्ठीत एका मित्राला कळवलं, तिच्यातच तो म्हणतो, नदीकाठी सहल काढू, टर्की विजेच्या झटक्याने मारू आणि विजेवर फिरणाऱ्या सळईला लावून भाजू. हा माणूस मला आवडतो.

आमच्याकडे मात्र बॅटरी म्हणजे टॉर्चच. आजोबांची तीन सेलची, पत्र्याची, चकचकीत. रात्री पाण्याची पाळी असली की ती काखेत मारून ते निघायचे. वाटेत उजेड पिवळा पडला की मांडीवर दणके. लगेच लख्ख! गंजलेली स्प्रिंग सरकून सेलला नीट टेकत असणार, पण आजोबांच्या मते ती 'भीत होती'. दुसऱ्या दिवशी सेल ओसरीच्या पायरीवर उन्हात. उन्हाने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, एवढंच. पण तेवढ्यावर आणखी एक रात्र निघायची.

रेडिओची मारायची जागा ठरलेली होती, डाव्या कानशिलाखाली. तिथेही काकांचाच हात लागायचा. पाहुण्यांनी कितीही थोपटलं तरी खरखर.

शाळेत हेच तंत्र पट्टीने चालायचं. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी केली. आमचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधी उरकलं होतं. वर्गातला एक मुलगा तेराच्या पाढ्यात रोज एकाच जागी अडायचा आणि रोज पट्टी खायचा. त्याचं नेमकं कुठे अडतंय, हे कोणी उघडून पाहिलं नाही. सातवीनंतर तो शाळेत आलाच नाही.