आजोबांच्या वस्तऱ्याला धार आली

आजोबांच्या ट्रंकेत वस्तरा सापडला तेव्हा पात्यावर तांबूस डाग होते, पण मुठीजवळ कोरलेलं ‘सोलिंगेन’ स्वच्छ वाचता येत होतं. जर्मनीतलं हे शहर कित्येक शतकं पात्यांसाठी नावाजलेलं आहे. असं पोलाद पेटीत पडून राहावं हे मला बघवेना. डाग बारीक पॉलिश पेपरने निघाले. धार यायला मात्र चार महिने गेले.

दगड तीन घेतले: १०००, ४००० आणि ८०००. आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक. सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो. वस्तऱ्याला ती कसरत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पातं सपाट ठेवायचं, कोन आपोआप साधतो. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्यावर चुकून धार पुढे गेली तर चामडं चिरतं आणि धारही जाते.

हे सगळं पाळूनही केस ओढले जायचे, गालांची आग व्हायची. धार कमी वाटली की मी ८०००च्या दगडावर अजून अर्धा तास घालवायचो.

शेवटी आमच्या पेठेतल्या एका वयस्कर नाभिक काकांकडे गेलो. दुकानात आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो, पण त्यांची उमेदीची वर्षं निसण्यावर वस्तरे पाजवण्यात गेलेली. त्यांनी पातं उलटं करून धार दिव्याखाली धरली.

“ही पांढरी रेघ दिसते का बुडाशी? उजेड चमकतो तिथं धार नाही. तुझं पहिल्या दगडाचंच काम राहिलंय बाळा, पुढचे दगड काय करणार? आणि दाबू नकोस. वस्तऱ्याला त्याचं वजन पुरतं.”

घरी येऊन धारेच्या कडेला मार्कर पेनाची शाई लावली आणि १०००वर दोनच हात फिरवले. बुडाशी अर्धा इंच शाई जशीच्या तशी! मग दगडावरच पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून दगड घासला. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या राहिल्या. दगड मध्ये खोलगट झाला होता, म्हणून धार सगळीकडे टेकतच नव्हती.

दगड सपाट केला आणि १०००पासून पुन्हा सुरुवात केली, बुडापासून टोकापर्यंत तिरका हात, दोन्ही बाजूंनी सारखा. बुडापासून टोकापर्यंत कुठेही लावलं तरी हातावरचे केस उडायला लागले, तेव्हाच ४००० हातात घेतला. ८०००वर एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. एरवी धारेपुढे ढकललं जाणारं पाणी आता पातळ पापुद्र्यासारखं पात्यावर चढत होतं. मग पट्टा ताणून कापडावर वीस, चामड्यावर पन्नास वेळा.

सकाळी साबणाचा फेस, ताणलेली कातडी, पातं जरासं तिरकं. केस तुटताना बारीक करकर ऐकू आली, ओढ अजिबात नाही. हनुवटीखालीसुद्धा नाही. खूप वेळ गालावरून हात फिरवत बसलो होतो.

आता रोज दाढीआधी फक्त पट्टा. दोन-तीन महिन्यांनी ८०००चा दगड काढतो. पावसाळ्यात पातं पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवतो, डाग पुन्हा येऊ नयेत म्हणून.